मोडलेली बेगमी



वाङ्मय मंडळाच्या व्याख्यानमालेत एका होमिओपॅथी डॉक्टरला बोलवावे आणि त्याने खनिज तेलावर बोलावे, याचे तुम्हाला नवल वाटले असेल. विषय मीच मागून घेतला आहे. मात्र मंडळाचा मान राखून आरंभ एका शब्दापासून करतो. तो शब्द म्हणजे बेगमी.

आपल्या आजी-आईच्या तोंडी हा शब्द रोजचा होता. पावसाळ्याच्या तोंडावर आगोटीची बेगमी व्हायची. मिरच्या, चिंच, सांडगे-पापड, शेणी, लाकूडफाटा सगळे मृगाआधी घरात यायचे. गोव्यातल्या घरांत यालाच पुरुमेंत म्हणतात. तो शब्द पोर्तुगीजांकडून आला. इंदूर-बडोद्याच्या आपल्या नातेवाइकांकडे उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरतात. आम्हा जैनांकडे चातुर्मासाची तयारी आधीपासून चाललेली असते. गाव बदलले, भाषेची वळणे बदलली, तरी पुढच्या अडचणीच्या दिवसांसाठी आज बाजूला काढून ठेवायचे, ही रीत सगळीकडे सारखीच.

राष्ट्रेही बेगमी करतात. आज मी अमेरिकेच्या तेलाच्या बेगमीबद्दल बोलणार आहे, कारण तिचा हिशेब जगासमोर उघडा आहे. त्यातही ती वापरण्याची कथा थोडक्यात सांगून वापरल्यावर परत भरण्याची कथा सविस्तर सांगणार आहे. वर्तमानपत्रांत पहिलीला मथळा मिळतो, दुसरी आतल्या पानावर जाते.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्धाच्या वेळी अरब तेल-उत्पादक देशांनी अमेरिकेचा तेलपुरवठा रोखला. बॅरलला ३ डॉलरच्या आसपास असलेला भाव जानेवारी १९७४ पर्यंत १२ डॉलरच्या घरात गेला. बॅरल म्हणजे सुमारे १५९ लिटर. त्या भाववाढीची झळ आपल्यालाही लागली. मी तेव्हा शाळकरी होतो. रॉकेलच्या दुकानापुढे रिकामे डबे रांगेत ठेवून माणसे घरी जात आणि डबेच त्यांची जागा धरून बसत, एवढे मला नीट आठवते.

या धक्क्यानंतर अमेरिकेने कायदा केला. २२ डिसेंबर १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी त्यावर सही केली आणि आणीबाणीसाठी सरकारी तेलसाठा करायचे ठरले. २१ जुलै १९७७ रोजी पहिले तेल त्यात पडले. ते होते सुमारे ४ लाख १२ हजार बॅरल, आणि सौदी अरेबियाचे. ज्यांनी पुरवठा रोखला त्यांच्याकडूनच बेगमीचा पहिला माल घ्यावा लागला.

हे तेल ठेवले आहे टेक्सास आणि लुइझियाना या राज्यांत, समुद्राजवळ, जमिनीखालच्या मिठात. ब्रायन माउंड, बिग हिल, वेस्ट हॅकबेरी आणि बायू चॉक्टॉ अशी त्या चार ठिकाणांची नावे. तिथे भूगर्भात मिठाचे प्रचंड साठे आहेत. वरून भोक पाडून गोडे पाणी आत सोडायचे, मीठ विरघळू द्यायचे आणि खारे पाणी बाहेर काढायचे. एक बॅरल तेलाची जागा करायला सात बॅरल पाणी लागते. अशा सुमारे साठ गुहा आहेत. नेहमीच्या आकाराची एक गुहा साधारण २०० फूट रुंद आणि २,००० फूट उंच असते. उंचीच्या हिशेबाने विजापूरचे कितीतरी गोलघुमट एकावर एक रचले तरी आत मावतील. तिच्यात सुमारे १ कोटी बॅरल तेल राहते. एकूण क्षमता सुमारे ७१ कोटी ४० लाख बॅरलची.

सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे तुमच्यापैकी काहींनी पाहिली असतील. जमिनीच्या पोटात माल टिकतो, ही अक्कल आपल्याकडेही होती. २००५ च्या महापुरात त्यातली पुष्कळ पेवे पाण्याने निकामी झाली, आणि एकदा गेलेले पेव परत उभे करणे किती अवघड असते ते तिथल्या व्यापाऱ्यांनी अनुभवले.

अमेरिकेच्या या पेवांतून तेल काढायची रीत सोपी आहे. तेल पाण्यापेक्षा हलके, म्हणून गुहेच्या तळाशी पाणी सोडले की तेल वर ढकलले जाते. राष्ट्राध्यक्षांनी आदेश दिल्यापासून सुमारे १३ दिवसांत तेल बाजारात पोचू शकते, आणि आराखड्याप्रमाणे दिवसाला जास्तीत जास्त ४४ लाख बॅरल काढता येतात. मात्र सोडलेले गोडे पाणी भिंतीचे मीठ आणखी विरघळवते. म्हणून एक गुहा पुरती रिकामी करायची ती साधारण पाच वेळाच, असा हिशेब धरलेला असतो. म्हणजे उपशाने माल जातो आणि भांडेही झिजते.

आता भरण्याकडे वळू. पहिला थेंब १९७७ मध्ये पडला आणि साठा सर्वाधिक पातळीला, सुमारे ७२ कोटी ७० लाख बॅरलला, पोचला डिसेंबर २००९ मध्ये. बत्तीस वर्षे गेली. ती सगळी वर्षे भरणे चालू होते असे मात्र नाही. मधे पैसे आटले. १९९१ च्या आखाती युद्धात थोडे तेल विकले. १९९६-९७ मध्ये तर सरकारी तूट भरून काढण्यासाठी सुमारे २ कोटी ८० लाख बॅरल विकून टाकले.

नेटाने भरण्याचे एक उदाहरण त्यातही आहे. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी नोव्हेंबरमध्ये आदेश दिला, की साठा ७० कोटींपर्यंत न्या. तेव्हा तो साधारण साडेचोपन्न कोटी होता. सरकारी मालकीच्या समुद्रतळातून तेल काढणाऱ्या कंपन्यांकडून स्वामित्वधन पैशाऐवजी तेलाच्या रूपाने घ्यायचे, अशी युक्ती काढली. त्यामुळे दरवर्षी संसदेपुढे हात पसरावा लागला नाही. तरीही उद्दिष्ट गाठायला ऑगस्ट २००५ उजाडला. पावणेचार वर्षांत साडेपंधरा कोटी बॅरल, म्हणजे महिन्याला सुमारे ३४ लाख. आणि त्याच महिन्याच्या अखेरीस कतरिना चक्रीवादळाने तो किनारा झोडपला आणि साठा उघडावा लागला. भरून ठेवला होता म्हणून उघडता आला.

यापुढची गोष्ट अलीकडची. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि तेलाचे भाव भडकले. ३१ मार्च रोजी राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांनी दिवसाला १० लाख बॅरल याप्रमाणे सहा महिने, म्हणजे एकूण १८ कोटी बॅरल साठ्यातून काढण्याचे जाहीर केले. एवढा मोठा उपसा पूर्वी कधीच झाला नव्हता. हा उपसा आणि कायद्याने आधीच ठरलेल्या काही विक्री मिळून जुलै २०२३ मध्ये साठा सुमारे ३४ कोटी ७० लाखांवर आला. १९८३ नंतरची ही सर्वांत खालची पातळी. मग भरणे सुरू झाले. जानेवारी २०२५ मध्ये साठा सुमारे ३९ कोटी ५० लाख होता.

आता आपण वाण्याच्या दुकानातला हिशेब करू. अठरा महिन्यांत ४ कोटी ८० लाख वाढले. महिन्याला साधारण २७ लाख. पूर्ण भरायला उरले ३१ कोटी ९० लाख. याच वेगाने गेले तर ११८ महिने, म्हणजे जवळजवळ दहा वर्षे. पैशाचा अंदाज घ्यायचा तर बॅरलला ७० डॉलर धरून २,२०० कोटी डॉलरच्या वर जातात. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर सुमारे १ लाख ९० हजार कोटी रुपये. हा हिशेब जानेवारी २०२५ च्या पातळीवरचा आहे. पातळी पुढे वर-खाली होत राहील, हिशेबाची रीत तीच राहील. सहा महिन्यांत काढलेले परत यायला अर्धे तप आणि साठा काठोकाठ व्हायला दहा वर्षे, हे प्रमाण लक्षात ठेवा.

एवढा वेळ का लागतो? पैशाची अडचण आहेच, पण एकटी तीच नाही. मोठा गिऱ्हाईक बाजारात उतरला की भाव चढतो, हे आपल्या गूळ-मिरचीच्या बाजाराला सांगायला नको. भाव उतरावा म्हणून तेल सोडले, आणि परत घेताना घाई केली तर तोच भाव पुन्हा चढायचा. म्हणून थोडे थोडे घ्यावे लागते. २००८ मध्ये भाव शंभर डॉलरच्या वर गेले, तेव्हा अमेरिकी काँग्रेसने खास कायदा करून साठा भरणे काही काळ थांबवले होते.

दुसरे, भावाची अट. ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारने सांगितले, की भाव ६७ ते ७२ डॉलरच्या आत आला की आम्ही घेऊ. भाव त्या पट्ट्यात फार टिकेना, तेव्हा पुढे मर्यादा ७९ डॉलरपर्यंत वर न्यावी लागली. व्यवहार म्हणून तो वाईट झाला नाही, हेही सांगितले पाहिजे. विकलेल्या तेलाला सरासरी सुमारे ९५ डॉलर मिळाले आणि परत घेतलेले ७६ डॉलरहून कमी सरासरीने पडले. पण स्वस्ताची वाट बघताना दिवस जातात, आणि ते दिवस साठा रिकामाच राहतो.

तिसरे, पेवांची डागडुजी. नळ, पंप, झडपा चाळीस वर्षांच्या जुन्या. दुरुस्तीसाठी एखादे ठिकाण बंद असले की तिथे भरता येत नाही. शिवाय एकाच नळातून एकाच वेळी माल आत आणि बाहेर जात नाही.

चौथे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. भरलेल्या पेवाकडे बघून प्रत्येकाला आपली नड आठवते. २०१५ नंतर अमेरिकी काँग्रेसने रस्त्यांसाठी, अंदाजपत्रकाची तोंडमिळवणी करण्यासाठी आणि २०१६ मध्ये तर वैद्यकीय संशोधनाला निधी देण्यासाठीही या साठ्यातले तेल विकायचे कायदे केले. मी डॉक्टर आहे. संशोधनाला पैसा मिळाला तर मला आनंदच आहे. पण दुष्काळासाठी ठेवलेली कणगी फोडून घराला रंग देण्यासारखे ते झाले. पुढे २०२२ च्या अखेरीस पुढच्या वर्षांतली अशी १४ कोटी बॅरलची विक्री रद्द केली. न विकणे हेही एक प्रकारे भरणेच, आणि त्या वर्षी भरण्यापेक्षा त्याचाच उपयोग अधिक झाला.

इथे माझ्या व्यवसायातला एक दाखला देतो. रक्त कमी असलेल्या बाया आमच्याकडे येतात. चार जिने चढल्या की धाप लागते, चेहरा पांढुरका दिसतो. हिमोग्लोबिन आठवर आलेले असते. अशा वेळी मी त्यांना फिजिशियनकडेही पाठवतो आणि लोहाच्या गोळ्या सुरू होतात. दीड-दोन महिन्यांत हिमोग्लोबिन सुधारते, चेहऱ्यावर तेज येते आणि बाई गोळ्या बंद करते. "डॉक्टर, आता बरं वाटतंय की!" पण शरीरात लोहाचा एक राखीव साठा असतो. तो फेरिटिनच्या तपासणीत कळतो, आणि तो अजून रिकामाच असतो. रक्त आधी भरते, कोठार सर्वांत शेवटी. म्हणून हिमोग्लोबिन ठीक झाल्यावरही पुढे साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवायला सांगतात. ज्या ठेवत नाहीत, त्या पुढच्या बाळंतपणात किंवा दुखण्यात पुन्हा तिथेच येतात.

वाचकहो, पंपावरचा भाव म्हणजे हिमोग्लोबिन आणि भूगर्भातला साठा म्हणजे फेरिटिन. भाव उतरला की आजार संपला असे सगळ्यांना वाटते, पुढाऱ्यांना आणि आपल्यालाही. खरे भरणे तिथून सुरू व्हायचे असते, आणि नेमके तेव्हाच कोणाचे लक्ष नसते.

आपल्या परंपरेतही हे दिसते. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बिदरच्या बादशहाची कोठारे उपाशी लोकांसाठी खुली केली. ती कथा आपण कीर्तनांत ऐकत आलो. कोठार उघडणारा माणूस आपल्या मनात घर करून राहिला, आणि ते योग्यच आहे. पण हिशेबाचा प्रश्न आलाच: गेलेले कोण भरून देणार? कथेत तो विठ्ठलाने सोडवला. विठू महाराच्या रूपाने बिदरला जाऊन त्याने धान्याची किंमत चुकती केली. भक्तिकथेत हे शोभते. कारभारात मात्र कोठार भरायला विठू येईल असे धरून चालता येत नाही. उघडण्याच्या हुकुमातच भरण्याची तजवीज लिहावी लागते.

आपल्या देशाचे काय, हे विचारल्याशिवाय तुम्ही मला खाली बसू देणार नाही. आपण कच्च्या तेलाच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून आणतो. आपली सरकारी पेवे तीन ठिकाणी आहेत: विशाखापट्टणम येथे १३ लाख ३० हजार टन, मंगळूर येथे १५ लाख टन आणि उडुपीजवळ पादूर येथे २५ लाख टन. यातली दोन आपल्या कर्नाटक किनाऱ्यावर आहेत. कोकण रेल्वेने उडुपीहून मंगळूरकडे जाताना तुम्ही त्यांच्या आसपासूनच जाता. आपल्याकडे मिठाचे डोंगर नाहीत, म्हणून अखंड खडकात बोगदे खणले आहेत. भोवतालच्या खडकातल्या पाण्याचा दाब तेलाच्या दाबापेक्षा जास्त राखतात. त्यामुळे पाणी थोडे आत झिरपते, पण तेल बाहेर जात नाही. झिरपलेले पाणी उपसून टाकतात.

हा सगळा साठा मिळून ५३ लाख ३० हजार टन, म्हणजे सुमारे ३ कोटी ९० लाख बॅरल. २०१९-२० च्या खपाच्या सरकारी हिशेबाने साडेनऊ दिवसांचा. तेल कंपन्यांकडचा साठा धरला तर सुमारे ७४ दिवस होतात. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा सदस्य देशांसाठीचा दंडक ९० दिवसांच्या निव्वळ आयातीचा आहे. आपण तिचे पूर्ण सदस्य नाही, पण मापदंड म्हणून तो आकडा समोर ठेवायला हरकत नाही. अमेरिकेने २०२२ मध्ये ज्या वेगाने तेल काढले, त्या वेगाने आपला सगळा सरकारी साठा ३९ दिवसांत संपेल.

पण एका गोष्टीत आपण त्या वेळी शहाणपण दाखवले. एप्रिल-मे २०२० मध्ये महामारीने जग थांबले होते आणि तेलाला गिऱ्हाईक नव्हते. २० एप्रिलला तर अमेरिकी बाजारात भाव शून्याच्याही खाली गेला. त्या दोन महिन्यांत भारताने सरासरी १९ डॉलरच्या भावाने सुमारे १ कोटी ६७ लाख बॅरल घेऊन पेवे भरली. त्यात सुमारे ५,०६९ कोटी रुपये वाचले, असे सरकारने संसदेत सांगितले. त्याच सुमारास अमेरिकी सरकार ७ कोटी ७० लाख बॅरल घेण्यासाठी ३०० कोटी डॉलर मागत होते. काँग्रेसने दिले नाहीत. आपली पेवे लहान, म्हणून दोन महिन्यांत भरली हे खरे. पण भरण्याची संधी साधारणपणे अशीच येते. सगळे दुसऱ्याच चिंतेत असतात, माल स्वस्त असतो, आणि ज्याच्या हाती पैसा व रिकामी जागा आहे तोच ती साधतो.

चंडीखोल येथे नवे पेव करायला आणि पादूरचे वाढवायला २०२१ मध्ये मंजुरी मिळाली आहे. खडक खणायला वर्षे लागतात, आणि त्यानंतर भरायचे असते. तहान लागल्यावर विहीर खणायची नसते, ही म्हण इथे अक्षरशः लागू पडते.

एक शंका माझ्याच मनात पूर्वी येत असे. अपरिग्रह मानणाऱ्या घरातला माणूस साठ्याची बाजू कशी घेतो? मला असे वाटते, की परिग्रह आसक्तीत असतो. भाव चढावा म्हणून माल दडवणारा साठेबाज आणि भाव चढला की माल सोडणारी बेगमी ही एकमेकांच्या उलट आहेत. बेगमी आपल्यासाठी नसतेच. ती पुढच्या नडलेल्यासाठी असते. तिच्यावर आसक्ती नसावी आणि तिची आबाळही नसावी.

दुसरीही बाजू मांडतो. आज अमेरिका स्वतःच जगातला सर्वांत मोठा तेल-उत्पादक देश आहे, मग काठोकाठ भरलेला साठा हवा कशाला, असे तिथले काही जाणकार विचारतात. प्रश्न रास्त आहे. साठा किती असावा हे काळानुसार बदलेल. पण जेवढा असावा असे ठरले, तेवढा तो असायला हवा. ठरवायचे एक, ठेवायचे दुसरे आणि गरजेच्या दिवशी झाकण उघडून बघायचे, हे घरातही चालत नाही.

तुम्ही-आम्ही बँकेतली मुदत ठेव मोडतो. अर्ध्या तासाचे काम. कारणही बहुधा खरे असते: दवाखाना, लग्न, मुलाची फी. मोडू नये असे मी म्हणणार नाही. नडीला मोडली नाही तर ठेवायची कशाला? पण ज्या दिवशी मोडतो त्याच दिवशी महिन्याला किती भरायचे हे ठरवून आवर्ती खाते उघडणारी घरे मी पाहिली आहेत, आणि तीच पुढच्या दुखण्यात ताठ उभी राहिलेली पाहिली आहेत.

म्हणून माझे मागणे एवढेच. यापुढे कुठल्याही सरकारने आणीबाणीचे तेल बाजारात सोडल्याची बातमी वाचाल, तेव्हा किती सोडले हे तर पाहाच, पण परत कोण भरणार, कशाच्या पैशाने आणि कधीपर्यंत, हे त्याच बातमीत शोधा. सापडले नाही तर वर्तमानपत्राला पत्र लिहून विचारा, खासदाराला विचारा. सहा महिन्यांनी, भाव उतरल्यावर, तोच प्रश्न पुन्हा विचारा. भरण्याचे काम विचारणाऱ्या माणसांच्या जोरावरच चालते.